बेबीला एकटं सोडायचं नाही

मॅडमना पासष्टी जवळ आली होती, तरी त्यांना ‘बेबी’ म्हणणारं एक माणूस घरात होतं, आणि ते माणूस त्यांच्यापासून चार हातांपेक्षा लांब जात नसे. ते माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला सगळी इमारत ताई म्हणायची.

मॅडमचे यजमान गेले तेव्हा ताई एक बॅग घेऊन आल्या, दोन-चार आठवडे सोबतीला. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. बॅग केव्हाच माळ्यावर गेली. बाहेरच्या खोलीत दोन खाटा समोरासमोर लागल्या. रात्री मॅडम कूस बदलायच्या तर पलीकडून आवाज यायचा, “झोप लागत नाही का गं?” आणि ज्या दिवशी लागायची त्या दिवशीही यायचा, “लागली का झोप?”

घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम. बाहेरचं दार सोडलं तर कडी फक्त बाथरूमच्या दाराला, तीही जरा वाकडी. मॅडम तिथं पाच मिनिटं जास्त बसल्या की दारावर टकटक व्हायची. “बेबी, बरी आहेस ना? पाणी गार नाही ना झालं?” मॅडम आतून हो म्हणायच्या आणि साबणाच्या वडीकडे बघत राहायच्या. पुस्तक वाचायला घेतलं की ताई विचारणार, “काय वाचतेस? मोठ्यानं वाच की.” खिडकीशी उभ्या राहिल्या की, “काय बघतेस?” आणि स्वतःही येऊन बघणार. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. दोघी मिळून टाकी बघायच्या.

ताई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाशी भांडता येतं, त्याला घराबाहेर काढता येतं. ताई मात्र सकाळी मॅडमच्या आधी उठून चहा ठेवायच्या, त्यांचे गुडघे दुखले तर मागितल्याशिवाय शेकून द्यायच्या, स्वतःच्या वाट्याची साय त्यांच्या कपात लोटायच्या. अशा माणसाला ‘जरा बाहेर जा’ कोणत्या तोंडानं सांगायचं? मॅडमचं झालं होतं ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यातही बुक्के मायेचे, म्हणजे ओरडायचीही सोय नाही.

आणि ताईंचं काय चुकत होतं? त्यांचं स्वतःचं माणूस मॅडमच्या यजमानांच्या कितीतरी आधी गेलं होतं. तेव्हा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला, सून आपल्या व्यापात. भेटायला आलेली माणसं आठवड्याभरात पांगली. मग त्या घरात ताई आणि एक गळका नळ. त्या नळाशी बोलायच्या. “थांब रे बाबा, आले,” असं त्याला म्हणायच्या आणि मग आपलाच आवाज ऐकून दचकायच्या. ही गोष्ट त्यांनी मॅडमना अनेकदा सांगितली होती आणि दर वेळी शेवट एकच. “माझं झालं ते झालं. तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही. बेबीला एकटं सोडायचं नाही, हे मी तुझं माणूस गेलं त्याच दिवशी ठरवलं.” आपल्याला जे औषध मिळालं नाही ते त्या बहिणीला पाजत होत्या, चमच्यामागून चमचा. बहिणीचा आजार वेगळा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मॅडमनीही कधी सांगितलं नाही.

मॅडमचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. फार कमी बोलणारा माणूस. संध्याकाळी एका कोपऱ्यात ते तारा जुळवत, दुसऱ्या कोपऱ्यात मॅडम मुलांचे पेपर तपासत. तास-तास शब्द नाही. कुणाला वाटावं, भांडण झालंय. पण मॅडमना आयुष्यात खरा एकांत मिळाला तो त्या खोलीत, दुसरं माणूस समोर असताना. तो माणूस गेला त्या दिवशी डोळे भरून आले, तेवढ्यात ताईंनी त्यांना छातीशी धरलं. “रडायचं नाही, बेबी. मी आहे ना.” मॅडम रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताई होत्या, तिसऱ्या दिवशीही. रडणं तसंच आत राहिलं, आणि आता इतक्या वर्षांनी बहिणीसमोर रडायला बसावं तर तिनं विचारायचं, अगं, आज काय झालं?

मॅडमची सुटकेची जागा एकच, ती म्हणजे इंग्रजी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी संध्याकाळचा वर्ग सुरू केला होता. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, ती देणारी मोठी माणसं यायची. तेव्हाही ताई खोलीतच. जाणार कुठं? आपल्या खाटेवर पाय वर घेऊन त्या मटार सोलत, नाहीतर लोकर गुंडाळत बसायच्या. “माझं इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि सॉरी,” असं त्या दर नव्या विद्यार्थ्याला सांगायच्या, “तुमचं चालू द्या, मला ओ की ठो कळत नाही.” त्यामुळे इंग्रजी सुरू झालं की मॅडमना वाटे, आपल्यामागे दार लागलं. बहीण खोलीत आहे, पण या खोलीत नाही. वर्ग संपल्यावरही त्या दाराचा त्यांना उपयोग होई. बाथरूमच्या दारावर टकटक झाली की आत मराठीत ‘हो’ आणि त्यामागून हळूच इंग्रजीत दोन शब्द, जे मॅडमनी कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवले नव्हते.

त्या वर्षी वर्गात दोघंच होते. एक ट्रक चालवणारा, त्याला सगळे उस्ताद म्हणत. दुसरी इस्पितळातली नर्स, ती सगळ्यांची सिस्टर. मॅडमच्या शिकवण्याचा एक कायदा होता, आणि त्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. नवा शब्द शिकला की त्याचं वाक्य करायचं, आणि ते स्वतःबद्दल खरं असलं पाहिजे. पुस्तकातलं चालणार नाही. ‘राजा एकटा होता’ असलं तर मुळीच नाही. “राजाचं राजा बघेल, तुझं सांग,” त्या म्हणत. का, तर खरं सांगताना चुकीचा शब्द जिभेला टोचतो. सगळ्यांचं झालं की शेवटचं वाक्य मॅडमचं. विद्यार्थ्यांनी उघडं व्हायचं आणि मास्तरणीनं झाकून बसायचं, हे त्यांना पटत नसे.

एका संध्याकाळी एकटेपणाचे शब्द निघाले. उस्तादनं निबंधात सगळीकडे ‘लोनली’ लिहिलं होतं. ट्रक लोनली, रस्ता लोनली, ढाबाही लोनली.

“ट्रकमध्ये तुम्ही रडत असता का?” मॅडमनी विचारलं.

“छे हो! मस्त गाणी लावतो.”

“मग तुम्ही अलोन आहात. अलोन म्हणजे मोजून सांगता येतं. खोलीत किती माणसं? एक. झालं, अलोन. लोनली मोजून कळत नाही. ते लग्नाच्या मांडवातही असू शकतं.”

सिस्टरनं विचारलं, “आणि आमच्याकडे आयसोलेशन म्हणतात ते?”

“त्यात दुसऱ्याचा हात असतो. माणूस आपण होऊन आयसोलेटेड होत नाही, त्याला कुणीतरी बाजूला काढतं. लोनर म्हणजे आपला एकलकोंडा. ते नाव लोक ठेवतात, बहुतेक वेळा चिडून. आणि सॉलिट्यूड...” मॅडम थांबल्या. “सॉलिट्यूड म्हणजे एकटं असणं आणि ते हवं असणं. एकांत.”

“मराठीत एवढं नाही बुवा,” उस्ताद म्हणाला.

“कोण म्हणतं? एकटा, एकाकी, एकांत, एकलकोंडा, भरलेली पेटी आहे. पण वापरतो आपण एकच. एकटी. आणि एकटी म्हटलं की तिच्यामागून बिचारी आलीच.”

खाटेवर ताई मटार सोलत होत्या. एक दाणा घरंगळला, तो त्यांनी वाकून उचलला.

मग वाक्यं झाली. उस्ताद म्हणाला, ट्रकमध्ये मी एकटा असतो पण एकाकी नसतो. घरी गेलो तेव्हा मुलीनं ओळखलं नाही, आईच्या मागं लपली, तेव्हा मी एकाकी झालो. हे सगळं त्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि एकही शब्द चुकवला नाही. सिस्टरनं सांगितलं की काचेपलीकडचे रोगी काचेवर बोटानं टकटक करतात, काही हवं म्हणून नाही, कुणी बघावं म्हणून. मग ती म्हणाली, “आता तुम्ही, मॅडम. सॉलिट्यूड.”

मॅडमना एखादं बेताचं वाक्य करता आलं असतं. शाळेत असताना रिकाम्या वर्गात बसायला मला आवडे, असं काहीतरी. पण समोर दोन माणसं आपलं काळीज काढून बसली होती. आणि भाषा इंग्रजी, म्हणजे दार लागलेलं. मॅडम म्हणाल्या, “आय लव्ह माय सिस्टर. बट सिन्स माय हजबंड डाइड, आय हॅव नॉट हॅड वन अवर ऑफ सॉलिट्यूड. आय हॅव नॉट इव्हन क्राइड फॉर हिम. आय ॲम नेव्हर अलोन, ॲण्ड आय ॲम व्हेरी लोनली.”

बहिणीवर प्रेम आहे, पण नवरा गेल्यापासून तासभराचाही एकांत नाही, त्याच्यासाठी रडूनसुद्धा झालं नाही, एकटी कधीच नसते आणि फार एकाकी आहे. सगळं बाहेर आलं. उस्ताद जमिनीकडे बघायला लागला. सिस्टरनं खाटेकडे बघायचं टाळलं, म्हणजे मान इतकी दुसरीकडे वळवली की कुणाच्याही लक्षात यावं. खाटेवर ताईंनी पुढची शेंग घेतली.

“आज एवढंच,” मॅडम म्हणाल्या. त्या रात्री त्यांना हलकं वाटलं. पलीकडून ‘झोप लागली का’ आलं नाही, ते त्यांना आठवलं दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ताईंनी साडी सारखी केली आणि लोकरीची पिशवी उचलली. “खालच्या काकू कधीच्या बोलावतायत. दुपारची तासभर बसून येत जाईन म्हणते. तुला चालेल ना?”

मॅडमच्या हातातून भांडं पडता पडता राहिलं. “चालेल की,” त्या शक्य तितक्या थंडपणे म्हणाल्या.

दार लागलं. घर आपलं झालं. पहिला दिवस त्यांनी नुसतं उभं राहून घालवला, कुठून सुरुवात करावी ते कळेना. दुसऱ्या दिवशी खोलीच्या मधोमध फरशीवर आडव्या झाल्या आणि छत बघितलं. कुणी विचारलं नाही, काय बघतेस. तिसऱ्या दिवशी दूध उतू घालवलं, मुद्दाम नाही, पण पुसताना एकट्याच हसल्या. पुढं गाऊ लागल्या. आवाज कधी चांगला नव्हताच, तो आणखी बिघडला होता. देवाच्या घरी देर आहे अंधेर नाही, असं त्यांनी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. बहिणीला दुखवावं लागलं नाही, एक शब्द बोलावा लागला नाही. तासाभरानं ताई परत आल्या की मॅडम आता स्वतःहून विचारत, “काय म्हणतात काकू?” आणि ताई म्हणत, “त्या काय म्हणणार? तेच आपलं.” ताईंची कंबर मात्र त्या दिवसांत फार धरायला लागली होती.

मग एका दुपारी मॅडमच्या चष्म्याची काडी निसटली. बारीक स्क्रू ढिला झाला होता. यजमानांचा छोटा पेचकस शिवणाच्या डब्यात होता, तो त्यांनी काढला. चष्मा डोळ्यांवर नाही, म्हणून स्क्रू दिसेना. स्क्रू दिसायला चष्मा हवा. ही गंमत त्यांच्या घरात जुनी होती. दर वेळी त्या चिडायच्या आणि यजमान एक अक्षर न बोलता हात पुढे करायचे, चष्मा घ्यायचे, दोन फिरक्या देऊन परत द्यायचे. मॅडमचा हात आपोआप पुढे झाला. समोर घेणारं कुणी नव्हतं.

आणि मग ते आलं. आधी गळ्यातून नुसता विचित्र आवाज, मग हुंदका, मग त्यांनी गळाच काढला. फरशीवर बसून, पाय पसरून, पदर तोंडात न कोंबता. यजमानांना हाका मारल्या. माणूस असा न सांगता जातो का, म्हणून भांडल्या. इतक्या वर्षांचं तुंबलेलं पाणी, त्याला आता कोण अडवणार? बराच वेळ त्या रडल्या, आणि मग श्वास घ्यायला म्हणून थांबल्या.

दाराबाहेर दुसरं कुणीतरी रडत होतं.

मॅडमनी उठून दार उघडलं. दाराला लागूनच्या पायरीवर, खाली वर्तमानपत्र घालून, ताई बसल्या होत्या. लोकरीची पिशवी मांडीवर आणि दोन्ही कानांवर दोन्ही हात. डोळ्यांतून धारा. मॅडमना बघून त्या घाबरल्या, चोरी करताना सापडल्यासारख्या.

“मी काही ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या. “कान बंद केले होते मी. तू जा आत. अजून वेळ आहे तुझा.”

“ताई, तू काकूंकडे नव्हतीस?”

“काकू दुपारी झोपतात गं. पहिल्याच दिवशी जांभया द्यायला लागल्या. किती वेळ बसणार?”

“मग रोज?”

“इथंच. बरं असतं इथं. माणसं येतात-जातात. विचारतात, किल्ली विसरलात का ताई? मी म्हणते, हो. आता सगळ्या जिन्याला वाटतंय म्हातारीला विसरायला व्हायला लागलं.” ताई हसायला गेल्या, पण ते जमलं नाही.

मॅडमना विचारायचं तर होतंच. “तुला त्या दिवशीचं कळलं होतं?”

“अगं, इतकी वर्षं रोज संध्याकाळी वर्गात बसते मी. दगड असता तर तोही पास झाला असता.”

त्या दिवशीचा वर्गच नाही, त्याआधीची सगळी वर्षं मॅडमच्या डोळ्यांसमोरून गेली. बाथरूममधलं पुटपुटणं. फोनवर जुन्या मैत्रिणीला इंग्रजीत सांगितलेलं गाऱ्हाणं. ताईंनी तिसऱ्यांदा नळाची गोष्ट सांगितली तेव्हा हसत हसत विद्यार्थ्यांपुढे इंग्रजीत मारलेला शेरा. दार लागलेलं नव्हतंच कधी. ताई आतच बसल्या होत्या, मटार सोलत.

“मग बोलली का नाहीस कधी?”

“तुला तेवढीच तर जागा होती बोलायला,” ताई म्हणाल्या. “तीही कशाला काढून घेऊ?”

मॅडमनी हात पुढे केला. “ऊठ. आत चल.”

“तुझं रडणं झालं का?”

“झालं.”

झालं नव्हतं. आत्ता कुठं सुरुवात झाली होती. अजून यजमानांच्या शेवटच्या दिवसाचं राहिलं होतं, इस्पितळात ज्या बाकड्यावर बसून वाट बघितली त्याचं राहिलं होतं. ताईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हात धरला नाही.

“नाही झालेलं,” त्या म्हणाल्या. “मी अशी करते, उद्यापासून खाली फाटकापाशीच जाऊन बसते. तिथं रखवालदाराचं स्टूल असतं. तिथं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तू मोकळेपणी रड, मी आहे ना... म्हणजे, मी नसेन.”

सत्तरीची बाई, धरलेली कंबर, रस्त्यावरची धूळ, आणि परक्या माणसाच्या स्टुलावर बसून ती तास संपायची वाट बघणार. आणि वर तिसऱ्या मजल्यावर आपण फरशीवर आडव्या पडून छत बघणार. मॅडमना तो तास स्पष्ट दिसला. त्यात आता छत दिसणार नव्हतं, फक्त ते स्टूल दिसणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

“काही नको,” त्या म्हणाल्या. “फाटकापाशी नाही, पायरीवर नाही. आता दुपारची कुठं जायचं नाहीस तू.”

“अगं पण तुला...”

“मला काही नको. मला करमत नाही तू नसलीस की.”

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना खरं-खोटं कळत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं त्याच वर्गात बसल्या होत्या. पण त्यांनी ते वाक्य घेतलं. भुकेलं माणूस ताटात काय आहे ते विचारत नाही. त्यांचा सगळा चेहरा मोकळा झाला, आणि ते बघितल्यावर शब्द मागं घ्यायची सोय उरली नाही.

“मलाही गं,” त्या म्हणाल्या, आणि मॅडमच्या हाताला धरून कण्हत उठल्या. वर्तमानपत्राची घडी केली. आत आल्या त्या बोलतच. जिन्यावर बसून साठलेलं कितीतरी होतं: वरच्या मजल्यावर कोण येतं, दूधवाला कुणाशी वाद घालतो, कोणत्या घरात कोण कुणाशी बोलत नाही. मॅडमनी दार लावलं, कडी घातली, आणि ऐकत बसल्या.